चौसष्ट जणांचा एकच नंबर

सोमवार, ३ मार्च

डोकं उठलंय. आज अकरा वेळा विचारावं लागलं — बाई, शेवटी चारशे बारा, हा कोण? आणि अकराही वेळा शेजारच्या टेबलावरच्या मोठ्या बाईंनी मान वर न करता सांगितलं. अमक्यांची सून, तमक्यांचा धाकटा. आमचं दुकान कानाच्या मशीनचं. पेशंटना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून घरचे मेसेज पाठवतात आणि ते सगळे दुकानाच्या एकाच इनबॉक्समध्ये येऊन पडतात. आम्हाला दिसतो नुसता नंबर. नावं बाईंच्या कॉम्प्युटरवरच्या यादीत, आणि त्याहून जास्त बाईंच्या डोक्यात. बावीस वर्षांची यादी!

दुपारी साहेबांनी बोलावलं. यादी आणि इनबॉक्स एकमेकांना जोडायचे. मेसेज आला की आपोआप नाव दिसलं पाहिजे, आणि सहा महिन्यांनी तपासणीची आठवणही आपोआप गेली पाहिजे. पुढच्या बुधवारपर्यंत. जबाबदारी माझी. मग सहज बोलल्यासारखं म्हणाले, "हे झालं की पुढच्या खोलीत एकच टेबल पुरे."

बाईंचं की माझं, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. नवऱ्याचा कारखाना बंद पडून आठ महिने झाले. घर माझ्यावर चाललंय. ते टेबल मला हवंय. निदान इथे तरी खरं लिहावं.

मंगळवार, ४ मार्च

यादी उघडली आणि कपाळाला हात लावला. नावाच्या जागी धड नावंच नाहीत! "आजोबा, जिना चढवत नाही." "जावई चांगला, त्यालाच सांगणे." "डावा कान गेलाय, उजवीकडे बसून बोलणे." एका नंबरावर आई, वडील आणि सासू असे तिघं — कारण तिघांना घेऊन येते ती एकच मुलगी. दोन्हीकडची माहिती जुळवणारं सिंक लावलं तर त्या शहाण्याने एकच नोंद तीनदा झाली असं समजून तिघांचा एक माणूस केला. सासूबाईंना वडिलांचा कान!

बाईंना दाखवलं तर त्या पोट धरून हसल्या. मला काही हसू आलं नाही.

गुरुवार, ६ मार्च

सिंकच्या कंपनीतल्या सपोर्टवाल्याशी फोनवर पाऊण तास. त्याला एकच मंत्र येतो — एकदा बाहेर पडून पुन्हा आत या. आत आले, बाहेर गेले, आत आले. आमचं घोडं तिथेच पेंड खातंय.

संध्याकाळी बाईंशी वाजलं. मी म्हटलं, हे शेरे नावाच्या रकान्यातून काढून वेगळे लिहू या. त्या म्हणाल्या, मी रोज तिथेच बघते, तिथेच असू देत. मग माझा तोल गेला. यादी दुकानाची आहे, तुमची नाही, असं सरळ तोंडावर म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला आणि आलेल्या मशीनची पाकिटं लावायला बसल्या. घरी जातानाही माझ्याशी बोलल्या नाहीत.

उद्या त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. पुढच्या गुरुवारपर्यंत त्या येणार नाहीत. सुटले!

शनिवार, ८ मार्च

शेरे हलवले. सातशे तीस. मान मोडली.

सोमवार, १० मार्च

आता हे काय नवीन! यादीत चौसष्ट पेशंटपुढे एकच नंबर. कुठे कुठे पसरलेले, कुणाचा कुणाशी संबंध नाही, आणि नंबर तोच. सिंक त्यांना घेईचना. लाल रेघा नुसत्या. नंबर लावून पाहिला तर बंद. म्हणजे बाईंनी कंटाळा केला आणि मिळेल तो आकडा ठोकून दिला! बावीस वर्षांचं कौतुक ते हेच.

त्यांना फोन करून विचारावं असं एकदा मनात आलं. पण डोळ्याला पट्टी असेल. आणि खरं सांगायचं तर मला कमीपणा घेववेना. परवा बोलले ते बोलले, आता मीच कशी विचारू?

मंगळवार, ११ मार्च

सापडलं! इनबॉक्समधल्या जुन्या मेसेजच्या मजकुरात पेशंटची नावं शोधली आणि एकेकाचा खरा नंबर काढला. चौसष्टच्या चौसष्ट. सगळं हाताने. आपोआप होण्यासाठी माणसाला किती मरावं लागतं ते कुणी लिहून ठेवत नाही. घरी आले तर नवऱ्याने भात लावून ठेवला होता. त्याला म्हटलं, टेबल आपलंच बघ.

बुधवार, १२ मार्च

चालू झालं. एकही लाल रेघ नाही. मेसेज आला, नाव दिसलं! साहेबांनी सगळ्यांदेखत शाब्बास म्हटलं. तपासणीच्या आठवणी उद्या सकाळी नऊला जातील.

गुरुवार, १३ मार्च

नऊ वाजता गेल्या. नऊ वाजून चार मिनिटांनी पहिलं उत्तर. "बाबांना जाऊन दोन वर्षं झाली."

मला वाटलं, एखादी चूक असेल. मग दुसरं. मग तिसरं. एका मुलाने लिहिलं — तुम्हीच मशीन बसवलंत, बाबा गेले तेव्हा तुम्हीच भेटायला आला होतात, आणि आज बोलावता? मी यादी घेऊन बसले. उत्तर आलं की खूण करायची. दहाव्या खुणेला हात थांबला. सगळे त्या चौसष्टांतलेच होते.

साडेअकराला एक आजी दुकानात आल्या, रुमालात मशीन बांधून. त्यांच्या यजमानांचं. ते गेले मागच्या हिवाळ्यात. मी बोलायला लागले, चुकून गेला मेसेज, माफ करा. त्या म्हणाल्या, "अगं, त्यांच्या नावाने निरोप आला. मग आणायला नको?" मी काय करणार होते? मशीन पुसलं, नवी बॅटरी घातली, कानाला लावून पाहिलं. चालू आहे म्हटलं. बरं झालं म्हणाल्या आणि पुन्हा रुमालात बांधून घेऊन गेल्या.

त्या गेल्यावर मी मागच्या खोलीत जाऊन रडले.

दुपारी बाई आल्या, काळा चष्मा लावून. त्यांना कुणीतरी कळवलं असणार. ओरडतील म्हणून मी खाली मान घालून उभी. त्यांनी फक्त सांगितलं. गेलेल्या माणसाचं नाव यादीतून पुसायला त्यांचा हात होत नाही, आणि त्यांच्या घरी निरोप तर जाता कामा नये. म्हणून माणूस गेला की घरचा नंबर काढायचा आणि आपल्या जुन्या फोनचा घालायचा. तो फोन बंद करून त्यांच्या कपाटात पडलेला. काही चुकून गेलंच तर तिथे जाईल.

मला हे माहीत नव्हतं. विचारलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं.

शनिवार, १५ मार्च

बाई दोन दिवस फोनवर. चौसष्ट घरं. आकडे दिसत नाहीत म्हणून मी नंबर लावून देते आणि त्या बोलतात. प्रत्येक ठिकाणी गेलेल्याचं काहीतरी आठवून बोलतात. एका घरी तर वीस मिनिटं. काहींनी फोन आपटला. त्यांच्याकडे बाईंनी पुन्हा लावायला सांगितलं.

बुधवार, १९ मार्च

साहेबांनी दोघींना उभं केलं. दोन घरांनी लेखी तक्रार दिलीय. हे नंबर कुणी घातले, असा थेट प्रश्न.

बाई म्हणाल्या, "यादी माझी आहे."

एवढंच. आणि मी गप्प! तोंड उघडलं होतं, देवाशप्पथ उघडलं होतं. मग घर आठवलं, आठ महिने आठवले, आणि मिटलं. मला माझी किळस येतेय.

शुक्रवार, २१ मार्च

बाईंना एक तारखेपासून येऊ नका म्हणून सांगितलं. टेबल माझं.

रविवार, २३ मार्च

नवऱ्याला सगळं सांगितलं. वाटलं, म्हणेल जाऊ दे, झालं ते झालं. त्याने माझं ताट पुढे सरकवलं. मग म्हणाला, "आपलं कसंही भागेल गं. पण तू जेवत नाहीयेस."

उद्या साहेबांशी बोलणार.

सोमवार, २४ मार्च

बोलले. नंबर मी बदलले, बाईंना न विचारता — एका दमात सांगून टाकलं. साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. कुणी, कधी, काय बदललं त्याची सिंकने ठेवलेली नोंद. चौसष्ट ओळी, प्रत्येक ओळीपुढे मी. त्यांना हे तेरा तारखेलाच दिसलं होतं; त्या बुधवारी फक्त आमच्या तोंडून ऐकायचं होतं. बाईंनाही त्यांनी एकटीला बोलावून वाचून दाखवलं होतं.

बाईंनी त्यांना सांगितलं होतं म्हणे, "दवाखान्यातून मीच तिला फोन केला आणि नंबर बदलायला लावले."

त्या आठवड्यात आमचं बोलणंसुद्धा नव्हतं.