भिंतीला पाठ लावून

३ मार्च
भिंतीला पाठ लावून उभं राहायचं म्हणे! सूनबाईचं नवं खूळ. पावलं भिंतीपासून थोडी पुढे, गुडघे ताठ, टाचा जमिनीवरच — आणि दोन्ही पंजे वर ओढायचे. जरा थांबायचं. मग सावकाश खाली.
"नडगीत बळ येतं, आई. चालताना पाय अडखळत नाही."
माझा पाय कधी अडखळला? दुखतात ते गुडघे. आजार म्हशीला, औषध पखालीला!

४ मार्च
केलं. नडग्या पेटल्या नुसत्या! ती शेजारी उभी राहून करते, पण मला कुठलं तिच्याकडे बघायला होतंय? संध्याकाळी पुन्हा हाक — "चला आई." एवढा पुळका कशासाठी?

६ मार्च
दारोदार टपाल वाटणारी बाई ही. उन्हातान्हात फिरायची, कधी कुरकुर नाही. आता म्हणते ऑफिसात बसून टपाल लावायचं काम मागून घेतलंय. दुपारीच घरी हजर. मी कुठे जाते, किती चालते, सगळं विचारते. पाणी कुठेतरी मुरतंय.

९ मार्च
मुरतंय कसलं, वाहायलाच लागलं! दारात घरांचा दलाल. "जिना नसलेलं घर तुम्हालाच हवंय ना?" लेक घाईघाईने त्याला खाली घेऊन गेला. वर येऊन मला म्हणतो, "सहज चौकशी गं."
सहज! मशीनवर लोकांचे ब्लाउज शिवून शिवून हे तिसऱ्या मजल्यावरचं घर मी घेतलं. म्हातारीला जिना झेपत नाही असं म्हणायचं, आणि विकून मोकळं व्हायचं.

१० मार्च
व्यायाम जास्तच केला. मुद्दाम. नंतर जिना न थांबता चढले. बघा म्हणावं!

१३ मार्च
त्यांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. लेक म्हणत होता, "आईला आत्ताच नको. तिला सोसायचं नाही."
ती — "किती दिवस लपवणार?"
वृद्धाश्रमच ठरवला असणार. बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "मनात कुढत बसू नकोस. तोंडावर विचार."

१४ मार्च
विचारलं. भिंतीशी उभ्या होतो तेव्हाच. "मला कुठे टाकणार आहात ते एकदा सांगून टाक! माझे पाय भक्कम आहेत. हे बघ — आहे का तुझ्यात एवढं बळ? उचल बघू!"
तिचा उजवा पंजा वर आला. डावा फरशीलाच चिकटलेला. मला वाटलं, नाटक करतेय. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ओठ चावून जोर लावत होती. पंजा हललासुद्धा नाही.
"नसा सुकत चालल्यात, आई. उजव्यातही उतरणार, डॉक्टर म्हणतात. आहे तेवढं बळ टिकवायचं, बस." आणि मग — "एकटीला भिंतीशी उभं राहवेना, म्हणून तुम्हाला ओढलं."

१५ मार्च
आज हाक मी मारली — "चल गं." पूर्ण वेळ तिचा हात धरून उभी होते.