का नावाचा खटका

आण्णा, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी चाळिशी ओलांडली, कानांपाशी केस पांढरे झाले, आणि तरी मागच्या आठवड्यात एका साखर कारखान्याच्या ऑफिसात, भर दुपारी, तो असा वर आला की पाणी प्यायच्या निमित्तानं मला बाहेर जाऊन उभं राहावं लागलं. म्हणून आज लिहायला बसले आहे.

मी काय काम करते हे तुम्हाला कधी नीट कळलं नाही. मी कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिते. तुमच्या भाषेत सांगायचं तर गणिताची रीत पायरी-पायरीनं यंत्राला लिहून देते, आणि मग ते त्या रीतीनं हवी तितकी गणितं सोडवत बसतं. कारखान्याला दिलेला आमचा प्रोग्राम कुणाचा ऊस कधी तोडायचा ते ठरवतो. लागण कधीची, जात कोणती, शेत किती लांब, तिथवर गाडी जाते का, हे सगळं बघून तो शेवटी एक तारीख छापतो. तारीख, बाकी काही नाही. गेल्या महिन्यात एकदा तिथं टेबलासमोर एक म्हातारे बागायतदार येऊन बसले होते. राहूचे. आपल्या गावाचं नाव ऐकल्यावर मी हातातलं काम थांबवलं.

"माजी लागन आदीची," ते क्लार्कला सांगत होते. "शेजाऱ्याचा ऊस तुटून गेला, माजा हुबा. का?"

"कॉम्प्युटरनं तारीख दिलीय, आप्पा."

"मंग त्येलाच इचारा की."

"त्याला काय तोंड आहे का?"

"नसंल तर लावा. ह्या बाई पुण्यावरनं काय चा प्यायला आल्यात व्हय?"

सगळे हसले, मीही हसले. म्हातारे मात्र हसले नाहीत. माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, तारीख बदला आसं म्या म्हनत न्हाई. पन का, येवढं तरी सांगाल का न्हाई?"

मी तोंड लावलं, आण्णा. प्रोग्राम जिथं जिथं काही ठरवतो तिथं तिथं एकेक ओळ घातली: अमुक पाहिलं, म्हणून तमुक ठरवलं. रोज प्रत्येकाच्या बाबतीत हे सगळं छापत बसला तर यंत्र रडकुंडीला येईल आणि कागदांचा ढीग होईल, म्हणून त्या सगळ्या ओळींना मिळून एक खटका ठेवला. त्याचं नाव मी 'का' ठेवलं. खटका बंद असला की प्रोग्राम नेहमीसारखा मुकाट्यानं तारीख देतो. चालू केला की पायऱ्या बोलून दाखवतो. आमच्या साहेबांनी ते पाहिलं. माझ्याहून लहान आहेत, चांगले आहेत. म्हणाले, "मॅडम, तपासून झालं ना? मग त्या ओळी काढून टाका. गिऱ्हाइकाला उत्तराशी मतलब."

उत्तराशी मतलब. हे तुमचं वाक्य, आण्णा, शब्दन् शब्द तुमचं. मी साहेबांवर ओरडले. "काढणार नाही. बंद राहतील, पण राहतील!" ते बिचारे बघतच राहिले. मी त्यांच्यावर ओरडलेच नव्हते.

राहूच्या शाळेत तुम्ही चौथीला गणित शिकवायचात. पाटीवर रीत करायची, मग ओल्या फडक्यानं ती पुसायची आणि मधोमध फक्त उत्तर लिहून पाटी वर धरायची, हा तुमचा नियम. "कच्चं काम म्हणजे उष्टं. ते कुणाला दाखवत नसतात." सगळा वर्ग एकदम पाट्या पुसायचा, खसाखसा, आणि तुम्ही टेबलापाशी उभे राहून तो आवाज ऐकत असायचात. त्या वर्षी डिपोटीसाहेब तपासणीला आले. मी तिसऱ्या रांगेत बसलेली आहे, गणित लांबलचक आहे, आणि फडकं हातात घेईपर्यंत साहेब माझ्यापाशी येऊन पोचलेले आहेत. माझं उत्तर चुकलं होतं. पण रीत पाटीवर तशीच होती. साहेबांनी बोटानं एकेक ओळ पाहिली आणि म्हणाले, "मास्तर, पोरीची रीत बरोबर आहे हो. एक हातचा तेवढा विसरली." मला वाटलं, कौतुक झालं. मी तुमच्याकडं पाहिलं. तुमचा चेहरा पडला होता. साहेब गेल्यावर तुम्ही एवढंच बोललात, "पुसायला सांगितलं होतं ना? स्वतःच्याच पोरीनं शोभा केली." मारलं असतंत तर बरं झालं असतं. ते तिथंच मिटलं असतं.

त्याच आठवड्यात, जेवताना, ताटावरून नजर न उचलता तुम्ही म्हणालात, "उद्या शिरूरला जायचं. आता आत्याकडं राहायचं." मी विचारलं, "का?" तुम्ही म्हणालात, "का विचारायचं नाही." सकाळी तुम्ही माझी पत्र्याची पेटी उचललीत. आई स्वयंपाकघराच्या आतल्या दारात उभी होती, तोंडाला पदर लावून. ती पुढं आली नाही. मला जवळ घेतलं नाही. मी तिच्याकडं जायला निघाले तर हातानंच तिनं थांबवलं, नको, नको. होडीनं भीमा ओलांडताना, न्हावऱ्याला एसटीची वाट बघताना मी मनात गणित सोडवत राहिले. दहा वर्षांच्या मुलीला जेवढं सुटतं तेवढं सुटलं: माझं उत्तर चुकलं, आण्णांची शोभा झाली, म्हणून मला घालवून दिलं. आणि आईसुद्धा इतकी रागावली की तिनं मला शिवूही दिलं नाही.

शिरूरला मी घोडनदीच्या काठावर बसून पाढे म्हणायचे, तीसपर्यंत, पावकी, निमकी, सगळे. आत्या म्हणायची, "पोरी, मास्तरीन होतीस का काय?" मला फक्त परत जायचं होतं. उत्तरं चुकायची थांबली की तुम्ही न्यायला याल, असं मी धरून चालले होते. तुम्ही आलातही. ओट्यावर बसलात, पाणी प्यालात, आणि म्हणालात, "तुझी आई गेली." तिचा तेरावा झालेला होता. मग तुम्ही पिशवीतून नवी पाटी काढलीत, लाकडी चौकटीची, तासलेल्या लाकडाचा वास येणारी, आणि माझ्या मांडीवर ठेवलीत. मी रडले नाही. आईनं माझ्यावरचा राग तसाच नेला, असं मला वाटलं, आणि ते वाटणं मी कॉलेजला गेले, नोकरीला लागले, तरी माझ्या आत तसंच होतं.

तुमच्या तेराव्याला आत्यानं बोलता बोलता सांगितलं. "वैनीला छातीचं दुखनं हुतं. क्षय. तुला लागू नये म्हनून दादानं माज्याकडं आनून सोडली. गावात कळलं आसतं तर कुनी पोरं शाळंत धाडली नसती, म्हनून बोलायचं न्हाई." माझा चेहरा बघून ती थांबली. "आगं, तुला म्हाईत न्हवतं व्हय?"

घरात सगळ्यांना माहीत होतं, आण्णा. तुमचा निर्णय बरोबर होता, हे मला मान्य आहे. म्हणूनच तर जास्त चीड येते. तुम्ही मला वाचवलंत आणि शिक्षा केल्यासारखं वाचवलंत. आई दारात उभी राहून मला दूर ठेवत होती, ती तिची माया होती, आणि तुम्ही मला तो तिचा राग म्हणून वाचू दिलात. दहा वर्षांच्या मुलीला सगळं सांगावं असं मी म्हणत नाही. नसेल सांगायचं तर बंद ठेवा. पण बंद ठेवणं वेगळं आणि पुसून टाकणं वेगळं. मी पंधराची झाले, वीसची झाले, तुमच्यासमोर जेवायला बसत होते. एकदा खटका दाबायचा होता. पण तुमच्याकडं तो नव्हताच. तुम्ही ओळीच काढून टाकल्या होत्या.

मागच्या आठवड्यात ते राहूचे म्हातारे पुन्हा आले. मी 'का' चालू केलं आणि छापलेला कागद त्यांना वाचून दाखवला. लागण आधीची, जात ठीक, अंतर ठीक, शेतापर्यंत गाडीरस्ता नाही, म्हणून मागे. तारीख तीच. त्यांनी मान हलवली. "बरुबर हाय की. पाट फुटलाय थितं, गाडी रुतनारच. मंग आसं सांगा की, बाई!" आणि चप्पल घालून गेले, अगदी समाधानानं. बाहेर पोर्चमध्ये बिडी पेटवून कुणाशी तरी हसत बोलत होते. तेव्हा मी पाणी प्यायला उठले. एवढंसंच लागतं माणसाला, आण्णा. तारीख बदलावी लागत नाही.

हे पत्र कुठं टाकायचं? कुठंच नाही. आणि एक गोष्ट लिहिता लिहिताच माझ्या लक्षात आली, ती लिहायची नव्हती, पण लिहिते. त्या सकाळी तुम्ही मला खरं सांगितलं असतंत तर मी होडीत पाय ठेवला नसता. पदर ओढून आईच्या अंगावर पडले असते, आणि तिनं कितीही नको नको म्हटलं तरी तिला सोडलं नसतं. तुम्ही मला ओळखत होतात. याचा अर्थ मी तुम्हाला माफ केलं असा घेऊ नका.