वाकड्या अंगणाला रंगीत दिवे

सोमवार, ४ तारीख
मेहुणीकडून नेमबाजीच्या गेममध्ये पुन्हा हरलो. ती तिच्या घरून खेळते, माउस जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर ठेवून. माझा नेम उत्तम आहे, पण माउस ऐन वेळी अडकतो. बायको म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. पण अंगण खरंच वाकडं असू शकतं, हे कुणी तपासतच नाही. टेबलावर लिंबू ठेवून पाहिलं. घरंगळलं! बायकोला बोलावून पुन्हा दाखवलं. ती लिंबू घेऊन आत गेली.

मंगळवार, ५
निदान झालं. टेबल ठीक आहे, माउस पॅड बदलायला हवं. दिवेवालं. सगळे सीरियस खेळाडू तेच वापरतात.

रविवारी फायनल मॅच. बायकोची अट अशी की, हरलो तर खिडकीजवळचं टेबल तिच्या शिलाई मशीनला. कबूल केलं. या घरात तेवढीच जागा माझी आहे. बाकी सगळीकडे मला कुणी ना कुणी 'जरा सरक' म्हणतं.

बुधवार, ६. ऑफिस.
रिसर्च. एका पॅडचे दिवे 'लाटे'सारखे फिरतात, दुसऱ्याचे 'श्वास' घेतात. दुसरं जास्त शांत वाटलं. शर्ट डबल एक्सेल लागतो, म्हणून पॅडही डबल एक्सेल ठरवलं. तुलनेचा तक्ता साध्या एक्सेलमध्ये केला. साहेब मागे उभे होते. हे कुठल्या क्लायंटचं, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, जुन्या.

शुक्रवार, ८
पॅड आणलं. दुकानदार फार चौकस. कॉम्प्युटरला यूएसबीची भोकं किती, म्हणे. म्हटलं, भरपूर. सगळं काय मोजत बसायचं?

पॅड टेबलाच्या दोन्ही बाजूंनी खाली लोंबतं. रुबाबदार दिसतं. मेहुणीला फोटो पाठवला. टेबलाला परकर छान शोभतो, असं उत्तर आलं. घाबरली आहे.

रविवार, १०. मॅचच्या जरा आधी.
भोकं दोनच. एकात कीबोर्ड, एकात माउस. पॅडच्या दिव्यांच्या वायरला जागा नाही.

विचारपूर्वक कीबोर्ड काढला. नेम माउसने धरतात. कीबोर्ड लागतो पळायला, आणि मी पळणाऱ्यांतला नाही.

रविवार, मॅचनंतर
हरलो. पण जागचा हललो नाही. मेहुणी दर वेळी मागून आली. समोरून आली असती तर दाखवलं असतं. दिवे मात्र शेवटपर्यंत श्वास घेत होते. शेवटी तिनेच फोन करून विचारलं, भावजी, तुमचं नेट गेलंय का? हो म्हटलं.

मंगळवार, १२
मशीन टेबलावर आलं. पॅड खाली तसंच आहे, टेबलाला ओरखडे नकोत म्हणून. बायकोने त्याची वायर मोबाइलच्या चार्जरला लावली आणि दिवे लागले! चार्जरवर चालतं असं खोक्यावर लिहिलंय म्हणे. मॅचच्या धामधुमीत खोकी कोण वाचतं?

तिने श्वास बंद करून साधा पांढरा उजेड ठेवला. सुईचं नेढं स्वच्छ दिसतं म्हणाली. मला राहवलं नाही. दोरा घेतला, नेम धरला, पहिल्या फटक्यात ओवला. म्हणजे माझा नेम पहिल्यापासून चांगलाच होता. पॅडचीच कमी होती.

बायकोलाही पटलं असावं. तिने सुयांची सगळी डबी पुढे केली आणि म्हणाली, जरा सरक, उजेड अडतोय.