दोन आणे हिस्सा

आप्पा,

कंपनीचा फोन आला, निघतोय. तुम्ही मळ्यात होता म्हणून लिहून ठेवतो. संध्याकाळी वैष्णवीच्या घरचे पाहुणे शिरूरहून येतील तेव्हा मी घरी नसेन.

आमच्या कंपनीत आठ शेठ मिळून एक विमान घेतात. ज्याची पाळी, त्याला ते मिळतं, आपल्या आणि काकांच्या विहिरीसारखं. एवढंच मी सांगितलं होतं. त्यावरून तुम्ही वैष्णवीच्या वडिलांना सांगून आलात, "आमच्या स्वराजचा इमानात दोन आणे हिस्सा हाय. सुपारी फुटली की समद्यांला बसवून फिरवून आणतो."

त्या विहिरीवर मी कोण आहे सांगू? मोटर. विमान चालवतो मी, पण ज्याची पाळी असेल तो बटण दाबतो. आज एका शेठच्या बाईसाहेबांनी दाबलंय. त्यांच्या कुत्र्याला जयपूरला पोचवायचंय. मागच्या खेपेला त्याची ओकारी मीच पुसली.

काल वैष्णवीच्या वडिलांनी मला फोन करून विचारलं, विमानाचा सातबारा निघतो का. मला लाज वाटली. मग सांगून टाकलं, आई गेल्यापासून आप्पांच्या डोक्यावर परिणाम झालाय, काहीही बोलतात. ते लगेच हळहळले. लग्न ठरल्यातच जमा आहे.

तेव्हा आज इस्त्रीचा सदरा घालू नका, फेटा तर नकोच. पाहुण्यांशी काका बोलतील, चहा काकू करतील. तुम्ही कोपऱ्यात बसा आणि कुणी काही विचारलं तर नुसतं हसा.

स्वराज