सदैव फुल्ल

३ जून, सकाळ
आजपासून मी पर्यटन-जाहिरात निधीचा सभासद! राज्यातल्या सगळ्या हॉटेलवाल्यांनी, गाडीवाल्यांनी धंद्याच्या प्रमाणात वर्गणी भरायची, त्यातून राज्यभर जाहिरात. ज्याची वर्गणी मोठी, त्याचं मत जड. आपल्या नऊ खोल्यांच्या लॉजवर तीन महिने चिटपाखरूही फिरकलेलं नाही. पण तसं लिहिलं तर मला विचारतो कोण? फॉर्मवर ठोकून दिलं, 'सदैव फुल्ल'. बायको म्हणाली, महिनाअखेरपर्यंत गिऱ्हाईक आलं नाही तर कुलूप लावून लेकीकडे राहायला जायचं. म्हटलं, जाहिरात येऊ दे, मग बघ गर्दी.

७ जून
तपासणी आली तर रजिस्टर हवं. बसून मनानेच भरलं. चार नंबरला नवं जोडपं, सहाला खोकणारे रिटायर्ड मास्तर. मास्तरांना जिना झेपेना, म्हणून खाली दोन नंबरला हलवलं. माणुसकी आहे की नाही?

१२ जून, दुपारी ४
दोन नंबरमध्ये खोकला. दार उघडलं, कुणी नाही. चादरीवर मात्र कुणी बसून उठल्यासारखा खळगा. पाइपचा आवाज असणार. उद्यापासून रजिस्टर बंद म्हणजे बंद.

१३ जून
जोडप्याचा मुक्काम दोन दिवस वाढवला. नाही म्हणवेना.

१९ जून
बायकोने विचारलं, जिन्यात कुणाशी बोलत होतात? म्हटलं, फोनवर. फोन तिच्या हातात होता.
म्हणते, इथे भीती वाटते. भुताची का, विचारलं. तर म्हणे, तुमची. वेडी कुठली!

२४ जून
जाहिरात झळकली! गावात मुंगीला शिरायला जागा नाही. शेजारच्या लॉजवाल्याने जिन्याखाली खाट टाकली. आपल्याकडे एकही नाही. निधीच्या ऑफिसात फोन केला. बाई गोड आवाजात म्हणाल्या, तुम्ही सदैव फुल्ल, म्हणून यादीतून वगळलंय, पर्यटकांना उगाच हेलपाटा नको. पद्धतशीर लोक आहेत. उद्या खरं सांगून मोकळा होतो.

२५ जून
नाही सांगितलं. खरं बोललो तर या सगळ्यांनी जायचं कुठे?

३० जून
बायको सकाळी लेकीकडे गेली. चला म्हणाली, दोनदा. म्हटलं, गेस्ट आहेत गं, कसा येऊ? रडली. मग गेली. फार वाईट वाटलं.
दुपारी निधीचं पत्र आलं. राज्यातला सर्वाधिक भरलेला लॉज म्हणून माझा सत्कार. भाषणही करायचंय, विषय 'आलेला माणूस टिकवायचा कसा'. खाली लिहिलंय, सपत्नीक यावे.