चंदाचा गुडघा

मोहर्ली, ८ जानेवारी २०२४

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही, आणि नको ते तर मुळीच येत नाही, म्हणून लिहिते. आशा आत्या सांगत होती की चंदाचा पुढचा गुडघा धरलाय आणि तुम्ही दिवाळीपासून तिला खुंट्याला बांधून चणे-गूळ चारताय. बाबा, ती वरातीची घोडी आहे, बाळंतीण नाही! डॉक्टरांनी नाच बंद करायला सांगितला होता, चालणं नव्हे. मऊ मातीवर रोज हळूहळू चालवा, वजन उतरवा. मला सातवा महिना, तरी नर्सबाई मलाही बसू देत नाही.

आत्याच्या अंकुशची वरात चंदावरूनच निघेल, असा शब्द तिला तुम्हीच दिलाय.

लोभ आहेच, चंदावरचा जरा आवरावा.
तुमची रंजीता

सिंदेवाही, १९ जानेवारी

चि. रंजीतास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून राग आला, मग चंदाला सोडलं. पहिल्या दिवशी धानाच्या बांदीपर्यंत जाऊन परतलो. ती लंगडत होती न् माझा जीव तुटत होता. आता रोज संध्याकाळी तलावाच्या पाळीपर्यंत नेतो. वर बांधावर पोचली की मूठभर चणे देतो, तेवढ्यासाठी चढ चढते लबाड. आशाबाई म्हणते, दुसरी घोडी पाहून ठेवा. मी नाही पाहणार. पण भीती वाटते, बाई.

तब्येत सांभाळ.
तुझे बाबा

मोहर्ली, २५ मार्च

ती. बाबांस शि. सा. न.

मुलगी झाली! सव्वा महिना घराबाहेर पडता येणार नाही, अंकुशचं लग्न हुकणार. चंदाची सूज उतरली हे ऐकून बरं वाटलं. पण डीजे वाजला की ती नाचेल, डांबरावर नाचू देऊ नका. सगळं लिहा. आधी तिचा पाय, नवरीची साडी मग.

तुमची रंजीता

सिंदेवाही, १९ एप्रिल

चि. रंजीता, तुला न् नातीला अ. उ. आ.

आधी पाय. डीजे मी मागेच ठेवला, पोरं रुसली. चंदा गावातल्याच नवरीच्या दारापर्यंत सरळ गेली आणि तिथे थांबलीच नाही! संध्याकाळ झाली होती, तिला पाळीवर जायचं होतं. पाठीवर अंकुश बाशिंग सावरत ओरडत होता, मामा, मले उतरवा. मागे अख्खी वरात. चंदा पूर्ण चढ चढली. लंगडणं नाही, अडखळणं नाही. मुहूर्त चालला, लगाम ओढा, म्हणून आशाबाई हाका मारत होती. लगाम माझ्याच हातात होता. मी गुडघा पाहत होतो.

आणि चणे? लग्नाच्या सदऱ्यात आधीच घेतले होते.

आत्याचा राग उतरेपर्यंत तूच तेवढा लोभ ठेव.
तुझे बाबा