आधी शून्यावर, मग सावकाश वर

१२ जानेवारी

चि. ठिणगीस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या आईने तुझ्याकडे माझी चहाडी केली हे तुझ्या पत्रावरून कळलं. फोनवर ती मलाही बरंच काही बोलली म्हणे, पण मला ऐकू आलं नाही. चाळीस वर्षं मोटरी रिवाइंड करून झालेला हा एकमेव फायदा. तेव्हा जे काही असेल ते कागदावर.

होय, छातीच्या फोटोत वाटाण्याएवढी गाठ दिसली. होय, डॉक्टरांनी तुमच्याच इस्पितळात स्कॅन करायला सांगितलंय. आणि होय, परवाची तारीख मी चुकवली. दुकानात पंपाची मोटर उघडी पडली होती, ती टाकून कसा येणार? तुझी मामी म्हणाली की ती मोटर दीड वर्ष उघडीच आहे. तुझ्या मामीचं हे असं असतं.

माझं म्हणणं साधं आहे. ज्या यंत्राचं झाकण मी उघडून पाहिलं नाही, त्याच्यावर माझा भरवसा नाही. स्कॅनच्या आधी शिरेत जे औषध टोचतात ते म्हणे तळघरातल्या यंत्रात तू बनवतेस. कसं बनवतेस ते सविस्तर लिही. समजलं तर येईन.

माया आहेच, ती वेगळी लिहीत नाही.
तुझा मामा

१७ जानेवारी

ती. मामांस,

शि. सा. न. वि. वि. झाकण उघडा म्हणालात, घ्या उघडलं. आमच्या यंत्राचं नाव सायक्लोट्रॉन. आत एक अगडबंब चुंबक आहे. त्याचं एक तोंड वर, एक खाली, मध्ये जेमतेम फट. फटीतली सगळी हवा उपसलेली. तिथे तांब्याचे दोन पोकळ डबे, बशी मधोमध कापून दोन तुकडे जरा लांब सरकवावेत तसे. मध्यभागी हायड्रोजनचे भारित कण सोडायचे. चुंबक त्यांना गोल वळवतो. एका डब्यातून दुसऱ्यात उडी मारताना त्यांना विजेचा धक्का बसतो, वेग वाढतो, वर्तुळ मोठं होतं. ते वळून परत येईपर्यंत आम्ही वीज उलटी केलेली असते, की पुन्हा धक्का.

तुम्ही मला बागेत झोका द्यायचात ते आठवतं? जोर कधी लावला नाहीत, फक्त वेळ चुकवली नाहीत. हे तेच. आणि गंमत अशी की कणाचा वेग वाढतो तितकंच त्याचं वर्तुळही वाढतं, म्हणून प्रत्येक फेरीला वेळ सारखाच लागतो आणि धक्क्यांचा ठेका बदलावा लागत नाही. फिरत फिरत कण कडेला आले की त्यांचा झोत बाहेर काढून चमचाभर खास पाण्यावर आदळायचा. त्यातून औषधाचा मुख्य माल बनतो. दोन तासांत तो निम्म्यापेक्षा कमी उरतो, त्यामुळे साठवण नाही, रोज सकाळी ताजा.

खोटं कशाला सांगू, तीन आठवडे यंत्र रुसलंय. काही दिवशी झोत भरपूर, काही दिवशी निम्मा. पण ती आमची डोकेदुखी. तुम्ही या. लोभ माझ्यावर आहेच, थोडा तारखेवरही करा.

तुमची
ठिणगी

२२ जानेवारी

चि. ठिणगीस,

अनेक आशीर्वाद. झोका समजला. इतका समजला की मी तो मामीलाही समजावला. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, मग निघायचं कधी?

पण मला शंका आली. तुमच्याकडे म्हणे सरळ नळीचंही एक यंत्र आहे. आणि पेपरात वाचलं होतं की कुठेतरी जमिनीखाली मैलोन्‌मैल लांबीचं कडं पुरलंय. एक गोल, एक सरळ, एक कडं. एकाने भागत नाही का? खुलासा व्हावा.

शिवाय रुसलेल्या यंत्रातलं औषध मी टोचून घेणार नाही. आठवडाभर ते न रुसता चालू दे, मी हजर. मामाचा शब्द.

तब्येतीला जप. जागरणं करू नकोस.
तुझा मामा

ता. क. ही मी, मामी. पाकीट मीच पेटीत टाकते, म्हणून ही जागा मिळाली. यांना शंकाबिंका काही नाही गं, भीती वाटतेय. जेवण निम्म्यावर आलंय. तू उत्तरं देत राहा, पण तारीख घेऊन ठेव.

२७ जानेवारी

ती. मामांस,

शि. सा. न. वि. वि. खुलासा करते. कण प्रकाशाच्या वेगाच्या जवळ जायला लागला की जड झाल्यासारखा वागतो आणि ठेक्याच्या मागे पडतो. मग कुणी ठेकाच हळूहळू संथ करतात, तर कुणी कडेकडेला चुंबकाची ताकद वाढवतात. त्याच्याही पुढे जायचं तर तेवढा मोठा चुंबक ओतणार कोण? म्हणून कडं. मधलं सगळं लोखंड वगळायचं, चुंबक फक्त वाटेवर ठेवायचे. वाट तीच राहते, आणि कणाचा वेग वाढेल तशी चुंबकांची ताकद वाढवत न्यायची. सरळ नळीत वळवायची भानगडच नाही. एका टोकाने शिरायचं, ओळीने धक्के खायचे, दुसऱ्या टोकाने बाहेर. पण तिथे प्रत्येक धक्का एकदाच मिळतो, म्हणून जास्त वेग हवा तर नळी लांब हवी. आमची नळी इलेक्ट्रॉनसारख्या हलक्या कणांची, म्हणून दोनेक हातांतच भागतं. ती गाठी जाळायला वापरतात. झालं समाधान? की आणखी शंका काढताय?

यंत्राचं मात्र जमत नाहीये. हवा तपासली, वीज तपासली, डबे तपासले. चुंबकाला किती वीज द्यायची तो आकडा भिंतीवरच लिहिलाय, १३५. मी घाईत असते, काटा जरा पुढे जातो, मग मागे आणून बरोब्बर १३५ वर लावते. माझा कामावरचा जोडीदार लावतो तोही १३५. त्याच्या पाळीला भरपूर झोत, माझ्या पाळीला निम्मा! आमच्या मोठ्या बाई म्हणाल्या, हा तुझा पायगुण. सगळे हसले, मीही हसले, पण घरी येऊन रडले. काल एक म्हातारे शाळामास्तर दुसऱ्यांदा उपाशीपोटी येऊन परत गेले. औषध पुरलंच नाही. जाताना माझीच समजूत घालून गेले.

मामींना नमस्कार. तुम्ही पोटभर जेवा.
तुमची
ठिणगी

२ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,

अनेक आशीर्वाद. आधी कबुली देतो. तुझं पत्र तीन दिवसांपूर्वी मिळालं आणि वाचता वाचताच मला यंत्राचा रोग कळला. तरी मी गप्प बसलो. यंत्र चाललं तर यायचा शब्द दिला होता ना! म्हटलं, चालतंय कशाला? रुसू दे की. पण जेवायला बसलो की ते मास्तर उपाशीपोटी समोर येऊन उभे राहायचे. घास उतरेना. एवढा हलका माणूस मी कधी झालो, कोण जाणे. मला क्षमा कर.

आता नीट वाच. लोखंडाला आठवण असते. वीज शून्यापासून वाढवत १३५ वर आणलीस तर चुंबकाची एक ताकद. पुढे जाऊन मागे १३५ वर आलीस तर ताकद थोडी जास्त, कारण वरची चढाई लोखंड लगेच विसरत नाही. आकडा तोच, चुंबक तो नाही. मग कण जरा लवकर वळणार आणि झोक्याची वेळ चुकणार. पायगुण कसला, हा तुझा हातगुण! सहा वर्षांची असताना दुकानातल्या पंख्याचं बटण तू असंच फिरवायचीस, भर्रकन पुढे आणि मग मागे. मी हजारदा ओरडलो असेन. यंत्र मी पाहिलं नाही, पण हा हात मला चांगला माहीत आहे.

काटा पुढे गेला तर मागे आणू नकोस. आधी शून्यावर, मग सावकाश वर. आणि तारीख घे. मामाचा शब्द आहे.

रागावू नकोस.
तुझा मामा

१३ फेब्रुवारी

ती. मामांस,

शि. सा. न. वि. वि. आठ दिवस झाले, एकदाही रुसलं नाही! सगळे आठ दिवस मोठ्या बाईंनी मुद्दाम मलाच पाळी दिली. पहिल्या दिवशी काटा शून्यावरून मुंगीच्या पावलांनी चढवला. झोत पूर्ण आला तेव्हा मी एवढ्या मोठ्याने ओरडले की जोडीदाराच्या हातातला चहा सांडला. मास्तरांचं स्कॅन पहिल्याच दिवशी झालं. तुम्हाला त्यांनी नमस्कार सांगितलाय. भिंतीवर १३५ च्या खाली आता मोठ्या अक्षरात लिहिलंय, "आधी शून्यावर, मग सावकाश वर." बाईंनी स्वतः लिहिलं आणि खाली मला "मामा" अशी सही करायला लावली.

राग? मामा, तुम्ही माझी नोकरी वाचवलीत आणि स्वतःची पळवाट बुजवलीत. मी कसली रागावते! तारीख एकोणीस. त्या सकाळी यंत्रावर मीच असेन. उपाशीपोटी या, लोभ सोबत आणा.

तुमची
ठिणगी

२६ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,

अनेक आशीर्वाद. परवा रिपोर्ट आला. तुला फोनवर सांगू नका, मी लिहीन, असा डॉक्टरांना दम दिला होता.

गाठ वाईटच निघाली. पण एकटी आहे, लहान आहे, अंगात दुसरीकडे कुठेही पसरलेली नाही. तुझ्या औषधाने सगळं अंग धुंडाळलं, फक्त तिथेच उजेड पडला. वेळेत सापडली, असं डॉक्टर तीनदा म्हणाले. मी तीनही वेळा नीट ऐकलं. मामी बाहेर येऊन रडली आणि मग तिथल्या बाकावरच पोळीभाजीचा डबा उघडून मला दटावून जेवायला घातलं.

आता ती जाळायची आहे, आणि तीही कशाने? तुमच्या सरळ नळीने! आठ वेळा यायचंय. ती शंका मी वेळकाढूपणा म्हणून काढली होती, आता तिच्याच खाली झोपायचंय. बरं झालं तू समजावून ठेवलंस. कड्याची ओळख मात्र पत्रातच राहू दे.

पाच तारखेपासून आम्ही दोघं तुझ्याकडे मुक्कामाला येतो. मामीला तुझं स्वयंपाकघर मोकळं करून ठेव. आणि पहिल्या दिवशी पाळीवरून जरा लवकर सुटून माझ्याबरोबर त्या खोलीच्या दारापर्यंत ये. भीती वाटतेय का विचारशील, तर हो, वाटतेय. पण काटा शून्यावर आणून ठेवलाय. आता सावकाश वर जाणार, मागे येणार नाही.

तुझा
मामा